काळीपिवळीत वाजलेलं जग

दिनकरच्या काळीपिवळी जीपमध्ये भाजी रोज चढते आणि अमरावतीच्या मंडईत रोज उतरते. किस्से मात्र नुसते चढतात, उतरायचं नाव नाही! दर्यापूरजवळच्या आमच्या गावातून आम्ही तिघं वर्षानुवर्षं याच गाडीनं जातो. मी आणि माझे भोपळे, कमलाबाई आणि तिचा झेंडू, सुखदेवराव आणि त्यांच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. आता सीटखाली इतके किस्से साचलेत की पाय ठेवायला जागा नाही. म्हणून चार खाली करतो. तुम्ही जरा पाय आवरून बसा.

* * *

दिनकरच्या पेन ड्राइव्हमध्ये चाळीस गाणी. सहा वर्षं तीच, त्याच क्रमानं. खोलापूर आलं की विरहाचं, वलगाव आलं की लग्नाचं. एकदा खोलापूरच्या अलीकडेच टायर पंक्चर झालं, तर कमलाबाई हळहळली, "अवं माय! आता रडाचं गानं इथंच वाया जाईन!"

सुखदेवराव मात्र हसले नाहीत. आमच्या गुरुवारच्या भजनात पेटी तेच वाजवतात. पन्नास वर्षांचा हात. टायर बदलेपर्यंत बांधावर बसून ते मला म्हणाले, "नाना, मले आता कोनतंच गानं गोड लागत नाई. वाटलं, कानात मळ साचला. डॉक्टरले दाखोलं. तो म्हने कान साफ हाये. मंग समजलं, कान नाई, मन विटलं."

"मंग आता?"

"पेटी देऊन टाकतो. हिवरखेडच्या मंडळाशी बोललो. हरभरा पेरून झाला की न्यायले येतात."

मी अख्ख्या गावाची टिंगल करणारा माणूस. त्या दिवशी मात्र बांधावरची ढेकळं फोडत बसलो. ही पेटी गेली म्हणजे आमचा गुरुवार गेला. नुसते टाळ काय करतील? भांडतील!

* * *

मी लेकीकडे अकोल्याला गेलो. तिच्या घराखाली शबानाचं मोबाइलचं दुकान आहे. पोरगी हुशार, तोंडानं माझ्यापेक्षा तिखट. सुखदेवरावांच्या विटलेल्या मनाला नवं काही मिळावं म्हणून तिच्यासमोर कोरा पेन ड्राइव्ह ठेवला.

"नाना, कौनसे गाने भरू?"

"आमच्या गाडीत कोनं ऐकले नसन, असे."

तिनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नाना, फिर तो पूरी दुनियाच भरनी पडेगी!"

भरली हो तिनं! दोन दिवस लावले. नावं मात्र घातली नाहीत. म्हणे, "नाम पढके तुमलोग पहलेच नाक मुरडोगे."

* * *

पहिल्या दिवशी जे लागलं, त्यात वाद्य म्हणून एक नाही. नुसते माणसांचे आवाज, पन्नास-साठ तरी असतील. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. जीपचं छत वर गेल्यासारखं वाटलं. मी गंभीर चेहरा केला आणि ठेवून दिली थाप, "कर्नाटकातल्या एका मठातलं भजन हाये. फार जुनं."

कमलाबाईनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. दिनकरनं एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसरा छातीशी नेला. गाणं संपल्यावर मी टाळी दिली, "फसले! विदेशातल्या चर्चमधलं हाये!"

कमलाबाईनं जोडलेले हात सोडले नाहीत. म्हणाली, "मंग? त्यायचा देव बहिरा हाये काय?"

पण खरा दणका सुखदेवरावांनी दिला. "यायची पेटी कोठी हाये?"

"पेटी नाईच. नुसते गळे."

"पाह्य! पेटीबिगर इतकं होते. म्हनजे देऊन टाकाले काईच हरकत नाई!"

घ्या! औषध द्यायला गेलो आणि दुखणं वाढवून आलो.

* * *

दुसऱ्या दिवशी गाणं सुरू झालं आणि दिनकरनं करकचून ब्रेक मारला. "गेअरबॉक्स गेला!"

आम्ही सगळे खाली. एका बाजूला कपाशी, दुसऱ्या बाजूला तूर, मध्ये आम्ही. दिनकरनं बॉनेट उघडलं, चावी काढून खिशात घातली. गाडी बंद, इंजिन बंद, पण खडखडाट चालूच! त्यात एक माणूस जीव तोडून ओरडतोय.

"अबे, हे गानं हाये," मी म्हणालो. "तुहा टेप बॅटरीवर चालते."

"याले कोन मारून राह्यलं?" दिनकर घाबरून म्हणाला.

कमलाबाई मात्र स्पीकरजवळ उभी. भिवया वर, तोंड उघडं. पार संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "नाना, कोन्या मुलखातला हाये हा? माह्या पोटातली आग इतक्या दुरून याले कशी समजली?"

आता सुनेशी वाजलं की ती गाडीत चढता चढता फक्त एवढंच म्हणते, "दिनकर, गेअरबॉक्स लाव."

* * *

मग एक तारांचं वाद्य आलं. पाटातून पाणी खेळावं तसं झुळझुळणारं. एकच माणूस वाजवतोय, पण वाटावं चौघं आहेत. मी शबानाला फोन लावला. तिनं शोधून सांगितलं, "नाना, आफ्रिका का है. आधे भोपले पे चमडा, उपर इक्कीस तार."

भोपळा!

चाळीस वर्षं मी भोपळे पिकवले, तोलले, विकले. आत हे आहे, असं कोणी बोललं नाही! त्या दिवशी मंडईत एकेक भोपळा कानाशी धरून टिचकी मारत बसलो. समोरचं गिऱ्हाईक म्हणे, "काका, कोवळा हाय का सांगा."

मी म्हणालो, "बाई, हा भाजीत नका घालू. याचा आवाज चांगला हाये."

दोन भोपळे मी अजून विकलेले नाहीत. सुखदेवरावांनी ते गाणं डोळे मिटून ऐकलं. विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "झोप चांगली लागली."

* * *

हरभऱ्याची पेरणी निम्मी झाली होती. त्या सकाळी पितळी वाद्य फुंकणारा कोणी तरी लागला. सुखदेवराव खिडकीतून बाहेर बघत पुटपुटले, "चुकला."

थोड्या वेळानं, "परत चुकला. तिथंच."

मी म्हणालो, "नवशिका असन."

तिसऱ्यांदा त्या गड्यानं तोच वाकडा सूर लावला, त्यावर उभा राहिला आणि तिथून असा काही धावला की दिनकरचा पाय ॲक्सिलेटरवरून उठला. सुखदेवराव सीटवर सरळ झाले. "अबे, हा चुकून नाई राह्यला! हा चुकीतून रस्ता काढून राह्यला!"

इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज पहिल्यांदा वर चढला. मी आनंदानं कमलाबाईला कोपर मारलं. तिनं दुप्पट जोरानं परत केलं.

पण हरभरा काही थांबत नाही. हिवरखेडहून निरोप आला, मंगळवारी येतो.

* * *

सोमवारी सकाळी जे लागलं, ते कुठल्याशा अरबी मुलखातलं. लाकडी, पोटाळं तंतुवाद्य, एवढं शबानाकडून कळलं. बाकी वाळवंटात एखादा म्हातारा स्वतःशीच बोलतोय, असं काहीतरी.

"थांबव," सुखदेवराव म्हणाले. "मांगं घे. तिथून लाव."

दिनकरनं लावलं.

"परत."

चार वेळा झालं. पाचव्यांदा त्यांनी मांडीवर बोटं ठेवली, पेटीवर ठेवावी तशी. एक बोट दाबलं, मान हलवली. शेजारचं दाबलं, मान हलवली. मग दोन बोटांच्या मधल्या जागेकडं बघत राहिले.

"नाना, हा सूर पेटीत नाई."

"म्हनजे?"

"या पट्टीच्या वर हाये, त्या पट्टीच्या खाली हाये. मधात! पन्नास वर्सं मी याच्यावरून उड्या मारून राह्यलो रे!"

अमरावती आली, सांबार उतरवायचा राहिला. तो तसाच गाडीत परत गावी आला.

मंगळवारी हिवरखेडच्या मंडळाचे पेटीवाले भाऊसाहेब आले. पांढरी टोपी, खांद्यावर पेटी बांधायला नवी कोरी चादर. मीच त्यांना सुखदेवरावांच्या ओसरीवर घेऊन गेलो. काय सांगू! पेटी उघडी पडलेली, वरचं झाकण एकीकडे, भाता एकीकडे. गोणपाटावर पितळेचे सूर पेच काढून ओळीनं मांडलेले, भेंड्या मांडाव्या तसे. सुखदेवराव हातात बारीक कानस घेऊन एका सुराची पाती घासताहेत; घासलं की सूर वर-खाली सरकतो. दोनदा घासायची, ओठाशी धरून फुंकायची, शबानाकडून मोबाइलवर मागवलेलं सोमवारचं गाणं ऐकायचं, परत घासायची.

भाऊसाहेब दारातच थिजले. "सुखदेवराव, आमी पेटी न्यायले आलो."

सुखदेवरावांनी मान वर केली नाही. "बसा. मधातला एक सूर सापडून नाई राह्यला."

"कोनता?"

सुखदेवरावांनी मोबाइल पुढं सरकवला. भाऊसाहेबांनी तो कानाशी धरला. एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा टोपी काढून मांडीवर ठेवली. मग नवी चादर जमिनीवर अंथरली, तिच्यावर फतकल मारून बसले आणि हात पुढं करून म्हणाले,

"दुसरी कानस हाये काय?"