गंगेला सोडलेली गाठ

शहागडच्या पुलाअलीकडं नंदाबाईचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणायचं आपलं. वर पत्रे, खाली दोन बाकडी आणि एक भट्टी. तरी ट्रकवाले थांबायचे, कारण तिच्या चहापेक्षा तिचं बोलणं कडक होतं. "बाई, चहा पातळ है," असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, "घट्ट पाह्यजे तं खवा घ्या." नवरा पुंजाराम दूध आणायचा, कपबश्या विसळायचा आणि बायकोच्या कोणत्याही वाक्यानंतर "बराबर है" म्हणायचा. संसार या दोन शब्दांवर बरा चालला होता.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात तिच्या डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, आणि न दुखणाऱ्या गोष्टीकडं बघायला नंदाबाईला सवड नव्हती. गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा दोघं जालन्याला गेली. तिथल्या सर्जननं गाठ सोलल्यासारखी अलगद काढली, औषधाच्या पाण्यात बुडवून बरणीत घातली आणि बरणी पुंजारामच्या हातात दिली. "औरंगाबादला तपासायला न्या. कुठं द्यायची ते चिठ्ठीवर लिहिलंय." पेशंटची गाठ नातेवाइकानंच एसटीनं न्यायची, ही त्या वेळची रीतच होती. त्यात नवल काही नव्हतं. नवल स्टँडवर घडलं.

पुंजारामचा एक चुलता होता, तातेराव. त्याचा पाय ट्रकखाली सापडला. दवाखान्यानं तो गुडघ्यापासून कापला आणि कुठं टाकला ते कुणी विचारलं नाही. पुढं तातेराव मरेपर्यंत त्या नसलेल्या पायाची खाज सांगत बसायचा. "अंगठ्याला मुंग्या चावून राह्यल्या रे," म्हणायचा आणि हात खाली न्यायचा. तिथं नुसती सतरंजी. यावरून घरानं धडा घेतला तो असा : अंगातून निघालेलं बेवारशी टाकू नये, त्याला नीट वाटंला लावावं, न्हाईतर ते मालकाला छळतं.

स्टँडवर औरंगाबादची गाडी लागली होती आणि शहागडची पण. पुंजारामनं बरणीकडं पाहिलं. आत बायकोचा एक तुकडा होता, आणि तो परक्या गावात, परक्या माणसांच्या टेबलावर पडणार होता. त्याला तातेराव आठवला. तो शहागडच्या गाडीत चढला, पुलाखाली उतरला, गाठीला हळदकुंकू वाहिलं आणि ती गोदावरीत, गावाच्या भाषेत गंगेत, सोडली. बरणी मात्र चांगली होती, झाकणही घट्ट बसायचं. ती घासूनपुसून घरी आणली.

नंदाबाई दवाखान्यातून घरी आल्यावर त्यानं सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्याला त्यात काही वाटलंच नव्हतं.

"गंगेला सोडली. आता तुला खाज न्हाई, काही न्हाई."

"आन् तपासायचं?"

"निघाली ना ती. निघालेल्याचं काय तपासायचं?"

तिलाही ते पटलं. शेजारच्या पंक्चरवाल्या निजामोद्दीननं तर शाबासकी दिली. "अच्छा किया, भाई. हमारे में मट्टी देते. पानी बी चलता." गावात क्वचितच एखाद्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत व्हायचं, ते या बाबतीत झालं.

पुढच्या वर्षी गाठ परत आली. जुन्या व्रणाखालीच, आणि या वेळी तिला घाई होती. पावसाळा संपेपर्यंत ती कवठाएवढी झाली. वरची कातडी ताणून चमकायला लागली. आता दोघं थेट औरंगाबादला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "आधीच्या गाठीचा रिपोर्ट?"

"गंगेत है," नंदाबाई म्हणाली.

"कुठे?"

"शहागडला. पुलाच्या खालच्या अंगाला," पुंजारामनं खुलासा केला, म्हणजे कुणाला शोधायला जायचं असेल तर सोपं पडावं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवला. "ती गाठ कसली होती हे तेव्हाच कळलं असतं," त्या म्हणाल्या. "तेव्हाच आणखी थोडं कापलं असतं, तर कदाचित हे झालं नसतं."

नंदाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो "बराबर है" म्हणाला नाही.

गाठीचा छोटा तुकडा काढला. या वेळी बरणी नंदाबाईनं स्वतःच्या हातात घेतली. तपासणीची जागा पलीकडच्याच गल्लीत होती, पण तेवढ्या वाटेतही तिनं ती पुंजारामला धरू दिली नाही.

रिपोर्ट आला. नाव होतं फायलोड्स.

"म्हंजी क्यान्सर का?" नंदाबाईनं विचारलं.

"नेहमीचा जो ऐकता, तो नाही. ही वेगळीच गाठ आहे, फार कमी बायकांना होते. दुर्बिणीखाली हिची पानं पानं दिसतात. यात साध्या असतात, वाईट असतात. तुमची दोन्हींच्या मधली."

"मंग आता हॉटेलवर लोकायला काय सांगू? एक तं है म्हणा, न्हाई तं न्हाई म्हणा."

"मला म्हणता आलं असतं तर म्हणाले असते," बाई म्हणाल्या. "हिला इंजेक्शनं, किरणांचा शेक यांचा फारसा उपयोग नाही. कापायचं, पण नुसती गाठ नाही, भोवतीचं चांगलं मांससुद्धा. बरीचशी छाती जाईल. थोडं मागं राहिलं तर परत येईल."

पुंजाराम इतका वेळ जमिनीकडं बघत होता. "कुंद्यासारखं," तो म्हणाला. "रानातलं कुंद्याचं गवत नुसतं उपटलं तं दुप्पट फुटतं. भवतालची चांगली माती बी खणावी लागती."

"तसंच," बाई म्हणाल्या.

"एवढं कळतंय तं मंग बरणी घेऊन कुठं गेल्ता?" नंदाबाईनं विचारलं. मग ती बाईंकडं वळली. तिनं ऑपरेशनला होकार दिला.

ऑपरेशन झालं. छातीची डावी बाजू जवळजवळ सपाट झाली. टाके निघाले त्या दिवशी मोठ्या तुकड्याचा रिपोर्टही आला. बाईंनी तो दोनदा वाचला. कडा साफ होत्या. कापलेल्या काठापर्यंत गाठ कुठंच पोचली नव्हती. "तरी वर्षानुवर्षं दाखवायला यायचं," त्यांनी बजावलं.

उठताना पुंजाराम दारात घुटमळला. "मॅडम, ते काढलेलं... ते मिळंल का वापस?"

"त्यातले तुकडे मेणात बसवून ठेवतात. पुढं काही निघालंच, तर याच्याशी ताडून बघता येतं."

पुंजारामनं बायकोकडं पाहिलं. ती पदर सारखा करत होती.

"राहू द्या तिथंच," ती म्हणाली. "परत आली तं वळखू तरी येईल."

"आन् खाज सुटली तं?"

"खाजवीन," नंदाबाई म्हणाली, आणि स्टँडकडं चालायला लागली.