चालवून दाखवा

आमच्या गायीला प्रदर्शनात उभी राहील अशी कालवड व्हावी, म्हणून आबांबरोबर मी खिलार वळू बघायला गेले होते.

"आई कुणाची याची?" आबांनी विचारलं.

"आईनं जत्रेत नंबर काढलाय," वळूचे मालक अण्णा म्हणाले. "आजीची शिंगं तर अजून लोक सांगतात."

"चालवून दाखवा."

वळू अंगणात डौलात फिरला. मीही वाकून त्याचे मागचे पाय बघितले. जनावराचं असंच बघावं लागतं. बाप चुकला तर खोट पुढच्या पिढीत उतरते.

मग अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याच आवाजात विचारलं, "हिचं कुठं जमतंय का?"

"रविवारी बघायला येतायत," आबा म्हणाले. "घराणं चोख आहे. त्यांनीही आपलं सगळं काढलंय, पार हिच्या आजीच्या माहेरापर्यंत."

कूळ आणि जात यांच्याविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत, चौकात उभी राहून वाटली आहेत. तिथे शत्रू लांब असतो. इथे समोर आबा होते, मला सायकल शिकवणारा माणूस, आणि आपण काही वाईट बोललो असं त्याच्या मनातही नव्हतं.

"आबा, रविवारी मी चालून दाखवणार नाही."

अण्णा मोठ्याने हसले. "वळू गरीब आहे, आबा. पोरगीच मारकी दिसते!"

आबा हसले नाहीत. मला सगळ्यात जास्त भीती त्या न हसण्याचीच वाटली.