धोतऱ्याचं पान आणि वहिनीचा खांदा

विलायतेला कापूस पुरत नव्हता आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, ती सालं. अकोल्याच्या जुन्या शहरात तेव्हा एकही गल्ली रेच्याच्या आवाजाशिवाय नव्हती. रेचा म्हणजे सरकी काढायचं लाकडी यंत्र. दोन लाटा, म्हणजे लाटण्यासारखे दांडे, आणि एक मूठ. एका हाताने मूठ फिरवायची, दुसऱ्या हाताने लाटांच्या फटीत कापूस सारायचा. रुई पुढे पडते, सरकी मागे राहते. आमच्या घरात तो मी आणला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं लिहिताना मला तेच आठवत राहणार आहे.

रेचा फिरवायची माझी वहिनी. थोरला भाऊ गेल्यावर ती आमच्याच घरी राहिली, आणि मी तर तिच्याच हातचं खाऊन वाढलेला. रेचा आला तेव्हा तिनेच मूठ धरली. बसून खाणं तिला जमणारं नव्हतं. पहिल्या हंगामात ती हसत फिरवायची. दुसऱ्या हंगामात उजवा खांदा धरला. मग मोर्णा नदीवरून घागर आणणं सुटलं, मग केस विंचरायला माझी बायको लागू लागली. रेचा मात्र सुटला नाही.

मी एका अडत्याकडे कापूस पारखायच्या कामावर होतो. घरी असलो की ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून ओसरीवर फिरत राहायचो. रेच्याची कुरकुर चालू असली की तिचा खांदा झिजतोय असं वाटायचं. कुरकुर थांबली की तिला काय झालं म्हणून धावायचो. ज्या बाजाराला जाई तिथून काहीतरी आणायचो. बाळापुराहून लेप आणला, त्याने नुसती खाज सुटली. कुणी बिबा सांगितला, तर तो उतून खांद्यावर फोड आले. हळद, मीठ, विटेचा शेक, सगळं झालं. एकदा मी नवी कुपी घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा बायको म्हणाली, "हे औषध वहिनीसाठी आणता का तुमच्यासाठी?" मी कुपी फडताळात ठेवली.

अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्या घेऊन गेलो असताना एका वैद्यांची गाठ पडली. देशावरून आलेले, शुद्ध बोलणारे, शांत गृहस्थ. त्यांनी दुखण्याची सगळी हकिकत विचारली आणि धोतऱ्याचं पान सांगितलं. तळहाताएवढं एकच पान, तिळाचं तेल लावून कोमट करायचं, सांजेला खांद्यावर बांधायचं. फोड असतील तिथे लावायचं नाही. वरून शेक द्यायचा नाही. हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावायचा नाही. आणि शेवटी म्हणाले, "सकाळी न विसरता उतरवून टाकत जा."

परतीच्या वाटेवर गाडीत बसून मी ते सगळं घोकत आलो. एक शब्द गाळला नाही. घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

आता आमच्याकडे उतरवून टाकणं म्हणजे काय, हे आमच्या माणसाला सांगायची गरज नाही. मीठ-मोहऱ्या माणसावरून उतरवतात, लिंबू उतरवतात आणि तिवाटीवर टाकून मागे न पाहता घरी येतात. धोतरा तर महादेवाचा. तेव्हा रोज सकाळी एक ताजं पान वहिनीवरून उतरवून टाकायचं, असंच मी समजलो. मला तर त्या वैद्यांबद्दल आदरच वाटला. एवढा शिकलेला माणूस, पण दृष्ट काढणंही सोडत नाही, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

झालं. बायको रोज सांजेला खांद्यावर पान बांधायची आणि सकाळी दुसरं पान वहिनीवरून उतरवून तिवाटीवर टाकून यायची. बांधलेलं पान जागच्या जागी. गळवावर पोटीस लावतात ते आपोआप सुटून येईपर्यंत ठेवतात ना, तसंच हेही, असा तिचा समज. जुनं पान वाळलं की त्यावर नवं बांधायचं, वर कापसाचा थर आणि फडकं.

गुण लगेच आला. वहिनी रात्री झोपू लागली. दारापुढच्या धोतऱ्याची पानं बारकी, म्हणून मी नदीकाठी जाऊन चांगली रुंद पानं निवडून आणू लागलो. इतक्या महिन्यांत माझ्या हातून प्रथमच काही बरं झालं होतं. त्या सुखात मला दिसायला हवं ते दिसलं नाही. वहिनी सारखी पाणी मागू लागली. सुईत दोरा ओवेना, सगळं धुरकट दिसतं म्हणू लागली. चेहरा तापल्यासारखा लाल. पण ऊन वाढलं होतं, आणि अकोल्याच्या उन्हात तोंड कुणाचं कोरडं पडत नाही?

एका दुपारी रेचा थांबला. मी धावलो. वहिनी रेच्यापुढे बसली होती आणि हवेतून काहीतरी वेचत होती. दोन बोटांच्या चिमटीत धरायची, ओढायची, मांडीवर ठेवायची. तिथे काही नव्हतं. कापसाचा एक तंतूही नव्हता. मी हाक मारली तर माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत नुसतं काळंच होतं. मला ओळखलं नाही. माझ्या भावाला बोलावं तसं बोलली, बैल सोडले का, हातपाय धुतले का. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती.

बायको दारातच थिजली. कुणीतरी तिवाटीवरचा उतारा ओलांडला, तो उलटला, असं तिचं म्हणणं. मंत्र घालणाऱ्या जाणत्याला बोलवायला मी निघालोच होतो. पण वहिनीला उन्हातून आत न्यावं म्हणून दंडाला धरून उठवलं, तेव्हा खांद्यावरचं फडकं सरकलं. आत पत्रावळीसारखी एकावर एक चिकटलेली पानं. खालची काळी, कुजकी, घामाने भिजलेली. वरचं हिरवं.

"हे काढलं काहून नाही?" मी विचारलं.

"काढाचं कधी सांगतलं तुमी? उतरवाचं सांगतलं. थे तं रोज उतरवते मी."

वैद्यांचा आवाज कानात होता, तोच शब्द, आणि आता त्याचा दुसरा अर्थ.

आम्ही दोघांनी पानं सोडवली. कोमट पाण्याने आणि शिकेकाईने खांदा धुतला, पुन्हा पुन्हा धुतला. कातडी लाल होऊन सोलवटली होती. वहिनी सांजेपर्यंत वेचतच होती. मी तिचे दोन्ही हात धरून बसलो, तर माझ्या बोटांतूनही ती रुई ओढत होती. ती भानावर येईल की अशीच राहील, कुणाला विचारणार? दुसऱ्या दिवशी तिने मला नावाने हाक मारली आणि ताक मागितलं. तेव्हा मी परसात जाऊन रडलो.

वहिनी सावरल्यावर मी पुन्हा अमरावती गाठली. वैद्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, काढून टाका म्हणायला हवं होतं मी. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोटात घ्यायचं असतं तर तुम्ही दहादा विचारलं असतंत. वरून लावायचं म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. कातडीही पिते हो." धोतरा तिच्यासाठी आता बंद, असं त्यांनी सांगितलं. खांदा पूर्ण भरून आल्यावर निर्गुडीचा पाला बांधायचा. गुण कमी येईल, पण धोका कमी. रात्रीपुरता बांधायचा, आग झाली की लगेच सोडायचा, मधे एखादी रात्र मोकळी ठेवायची.

मी निर्गुडी आणली नाही. घरी येऊन धोतऱ्याची दारापुढची झुडपं उपटली, फडताळातल्या कुप्या नदीत ओतल्या आणि रेच्याची मूठ काढून माळ्यावर टाकली. आता या घरात खांद्याला काही लागणार नाही, असं ठरवून टाकलं. सगळं बंद केलं की माझा जीव शांत होईल असं वाटलं होतं. झालं उलटं. वहिनीचा खांदा पुन्हा ठणकू लागला. ती भिंतीला टेकून बसून राहायची आणि मी तिच्यासमोरून येरझाऱ्या घालायचो.

एकदा तिनेच मला बसायला सांगितलं. बायको भाकरी थापत होती.

"भाऊजी, मूठ कुठं ठेवली?"

मी म्हणालो, आता रेचा नको. माझ्यामुळे तुमचं हे झालं. मी तो आणलाच नसता तर...

"खांदा माहा हाय," ती म्हणाली. "त्याच्यावर तुमी तुमचं ओझं काहून ठेवून राहिले? रेचा तुमी आणला, फिरवला मी. मले कोणी बांधून बसवलं नोतं." मग म्हणाली, "पयले तुमी मले औषधानं दाबलं. आता औषध बंद करून दाबता. मले एकदा तरी इचारा."

मग ती म्हणाली, वैद्य काय म्हणाले ते सांगा, पण आपल्या बोलीत. मी सांगितलं. तिने ते बायकोकडून वदवून घेतलं, मग स्वतः म्हटलं. सांजले बांधाचं, सकाळी सोडाचं. बायको पिठाच्या हाताने कपाळावरचे केस सारत म्हणाली, "अन् उतरवाचं काईच नाई." वहिनी हसली. मला हसू आलं नाही.

खांद्याची कातडी भरल्यावर निर्गुडी आली. ती मी आणली नाही, बायकोने आणली. वहिनीचं तसंच म्हणणं होतं. रेचाही पुन्हा सुरू झाला, पण दुपारपर्यंतच, आणि एक हात थकला की बसण्याची बाजू बदलून दुसऱ्या हाताने. खांदा दुखायचा थांबला नाही. तो पुढेही कधी थांबला नाही.

पाला बांधला त्या पहिल्या सकाळी मी उजाडायच्या आतच ओसरीवर येऊन उभा होतो. वहिनी बाहेर आली. फडकं तिने स्वतःच सोडलं होतं आणि हात धुऊन पदराला पुसत होती. मी विचारलं, दुखतं का?

"दुखते. पन झोपली मी," ती म्हणाली. "तुमी झोपले का?"

बायकोच चुलीपुढून म्हणाली, "थे कायचे झोपते."