कमानीत अडकलेला टँकर

ये गं, या लग्नाच्या गर्दीत तरी जवळ बस. धायरीपर्यंत येतेस आणि आत्याला न भेटता परत जातेस, शोभतं का तुला? ऐक, अजून डोकं तापलंय माझं.

परवा आमच्या मागच्या खोलीला आग लागली, तेव्हा बंबाच्या आधी गावातली माणसं धावत आली. पाण्याच्या जुन्या टँकरला त्यांनी पंप जोडलाय. आग कळली की हातातलं काम टाकून निघतात. टँकर चालवणारा पिकल्या मिशांचा, उतरताना स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करणारा. नाव विचारायचं राहूनच गेलं बघ.

गल्लीच्या तोंडाशी कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची लोखंडी कमान आहे. वाढदिवस सरला, कमान तशीच! भरलेला टँकर तिच्याखालून कसाबसा आत आला. घर वाचलं. पण रिकामा टँकर हलका होऊन वर उचलला गेला आणि जाताना कमानीला अडकला.

मागे हॉर्न सुरू. शेजारचे साहेब ओरडले, "अहो, काढा तो डबा! ऑफिस आहे आम्हाला!"

काजळी पुसत टँकरवाला म्हणाला, "सायेब, पाणी तुमच्याच भिंतीवर वतलंय. परत भरून द्या, लगेच जातो."

मेल्यांनी बादलीभर दिलं नाही! शेवटी मीच माझ्या टाकीचा पाइप लावला आणि टँकर खाली बसेपर्यंत हॉर्नवाल्यांशी भांडत उभी राहिले.

कमान अजून तिथेच आहे. तू लवकर ये गं घरी. फक्त गाडी गल्लीबाहेर लाव, आत टँकरला यायला वाट लागते.