दोघांनी सांगितलं तरच खरं

आमच्या बातमीदारांचा या जगात कोणावरही विश्वास नाही. स्वतःच्या घड्याळावर तर मुळीच नाही. माझ्या मेहुण्याचे हे वर्गमित्र एका दैनिकाचे रेवदंड्याचे वार्ताहर, आणि फावल्या वेळात लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं लिहितात. चित्रं मी काढतो, कारण मी इथल्या शाळेत चित्रकला शिकवतो आणि मेहुण्याला नाही म्हणायची माझ्यात हिंमत नाही.

त्यांचा नियम एकच : दोघांनी सांगितलं तरच खरं. सुरमई ताजी आहे का, एवढं ठरवायला त्यांना अर्धा तास लागतो. "आजच सकालची हाय भाऊ, आमच्या मालकाला इचारा," कोळीण म्हणते. "तो तुझाच नवरा. दुसरं कोण सांगेल?" दुसरं कोणी सापडेपर्यंत सुरमई विकली जाते आणि हे बोंबील घेऊन घरी येतात. रिक्षावाल्याला "अलिबागलाच ना?" असं विचारून झालं की शेजारच्या प्रवाशालाही विचारतात. एका पुस्तकात मी खेकडा डाव्या नांगीने सलाम करताना दाखवला, तर हे गृहस्थ धक्क्यावर जाऊन दोन कोळ्यांना विचारून आले. दोघांनीही हसू दाबून दुजोरा दिला, तेव्हा कुठे खेकडा छापला गेला.

पण होडीच्या बाबतीत त्यांना चेष्टा खपत नाही. प्रत्येक पुस्तकात एक होडी जाते आणि परत येते, आणि ते बोट ठेवून माणसं मोजतात. जाताना सहा, येताना सहा. एकदा परतीच्या होडीत एकजण केबिनमागे झाकला गेला, तर अख्खं चित्र पुन्हा काढायला लावलं. हा माणूस माझ्यावरही संशय घेतो म्हणून मी चिडलो, तेव्हा मेहुण्याने कारण सांगितलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी वादळात इथली एक होडी अडकली होती. अंक छपाईला जायची घाई, आणि यांनी एकाच फोनवर विसंबून बातमी दिली : होडी हरिहरेश्वरजवळ किनाऱ्याला लागली, सहाही जण सुखरूप. सकाळी पेपर वाचून सहाही घरांनी पेढे वाटले. संध्याकाळी पाचच जण परतले.

गेल्या महिन्यात त्यांनी नव्या पुस्तकाचा मजकूर दिला. त्यात लिहिलं होतं, 'जाताना पाच, येताना सहा.' मला केवढा आनंद झाला! इतक्या वर्षांनी हा शंकेखोर माणूस माझ्या तावडीत सापडला होता.

"भाऊ, चुकलात. पाच गेले तर सहा येतील कसे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मास्तर, सहावा आधीच गेला होता."

मी परतीच्या होडीत सहावा माणूस काढला, अगदी पुढे, कोणी झाकणार नाही अशा जागी. त्यांनी बोट ठेवून सगळे मोजले. मग कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "आता तुम्ही मोजा."

मी मोजले. "सहा आहेत, भाऊ."