खेळातला भिक्खू

नारायणगावात दातांच्या एका लॅबमध्ये मी काम करते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही कृत्रिम दात तयार करतो, आणि शेवटचं रंगकाम माझ्याकडे असतं. खरा दात नुसता पांढरा कधीच नसतो. हिरडीपाशी पिवळसर असतो, टोकाला काचेसारखा, आणि तंबाखू खाणाऱ्याचा असला तर फटीत तपकिरी रेघ असते. ते सगळं बारीक ब्रशनं आणायचं. बसवलेला दात शेजारच्या दातांमध्ये ओळखू आला नाही, म्हणजे आमचं काम नीट झालं.

माझा धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तो वारूळवाडीला घरी आला तो एक मोठं खोकं घेऊन. बोर्डगेम आहे म्हणाला. मला वाटलं लुडोसारखं काही असेल. आत बोटाच्या पेराएवढ्या राखाडी प्लॅस्टिकच्या बाहुल्या निघाल्या. तलवारी उपसलेले योद्धे, शिंगांचे राक्षस, कितीतरी शेपट्यांची कोल्हीण, पाठीवर देऊळ घेतलेलं कासव. चीन-जपानच्या जुन्या गोष्टींसारखं, पण कुठल्याच एका देशाचं नाही, असं रचलेलं जग. त्याचे मित्र शनिवारी जमून हे खेळ खेळायचे. रंगवलेल्या सोंगट्या ज्याच्याकडे, त्याचा त्या घोळक्यात मान असतो, असं त्यानं सांगितलं.

"ताई, तू दात रंगवतेस. हे तुला काय अवघड," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. मला त्या कोल्हिणीचं तोंड आवडलं होतं.

तो हिवाळा चांगला गेला, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. लॅबमधून आले की परसात पुठ्ठ्यावर बाहुल्या मांडून त्यांच्यावर अस्तराचा स्प्रे मारायचा, आणि तोही उजेड असेपर्यंतच, कारण मागे ऊस आहे आणि अंधार पडल्यावर बिबट्यामुळे कुणी परसात थांबत नाही. मग दार लावून घ्यायचं आणि टेबलाशी बसायचं. रंग पाणी घालून दुधापेक्षा पातळ करायचा, एकावर एक थर द्यायचे. शेवटी काळपट रंगाचं पाणी सोडलं की ते आपोआप कपड्यांच्या चुण्यांत उतरतं आणि बाहुली जिवंत दिसायला लागते. मोबाईलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून मी हे शिकले. दातांच्या कामात माझं नाव कुठे राहत नाही. इथे एकेक योद्धा तयार झाला की मी त्याला खिडकीत उभा करायची, आणि येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची.

बाबा शेजारी येऊन बसायचे. ते येडगाव धरणावर पाटबंधारे खात्यात होते, आता निवृत्त आहेत. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माझं लग्न झालेलं नाही. बाबांना बाहुल्यांची नावं यायची नाहीत, म्हणून त्यांनी आपलीच ठेवली होती. एका जाड राक्षसाला ते खात्यातल्या जुन्या साहेबाच्या नावानं हाक मारायचे आणि स्वतःच हसायचे.

एक दिवस त्यांनी खोक्यातून एक बाहुली उचलली. मांडी घालून बसलेला, हातात भिक्षापात्र, डोकं भादरलेलं. खेळाबरोबर आलेल्या पुस्तिकेत त्याचं चित्र होतं. त्यात त्याचं वस्त्र काळं होतं, सोनेरी काठाचं.

"ह्यो भिक्खूच हाय ना?" बाबांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग काळं का?"

तिकडच्या काही देशांत काळं घालतात, असं मी सांगितलं.

"घालत असत्याल. ह्याला आपलं दे."

आपलं म्हणजे कसं, ते त्यांनी समजावून सांगितलं. ते लहान असताना पिंपळवंडीला आमच्या वस्तीवर एक भन्ते आले होते. आजोबांच्या पिढीनं धम्म घेऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि चिवर घातलेला माणूस पोरांनी पहिल्यांदाच पाहिला. ते चिवर नवं नव्हतं. धुऊन धुऊन विटलेलं, वाळक्या हळकुंडासारखं झालं होतं. मी रंग कालवून दाखवत गेले आणि बाबा प्रत्येक वेळी मान हलवत गेले. एकदाचं ते म्हणाले, "हां. ह्यो." मग त्यांनी तो भिक्खू वाळेपर्यंत हातातून खाली ठेवला नाही. पात्राच्या बुडाला त्यांच्या अंगठ्याचा पुसट ठसा राहिला. मी तो तसाच ठेवला.

भाऊ खोकं न्यायला आला तेव्हा फार खूश झाला. एकेक बाहुली उचलून उजेडात फिरवत होता. भिक्खूपाशी मात्र थांबला. पुस्तिकेत वेगळा रंग आहे, चुकलं का, असं त्यानं विचारलं. बाबांनी सांगितला तो दिलाय, मी म्हणाले.  त्यानं बाहुली खोक्यात तिच्या जागी ठेवली.

पुढच्या महिन्यात त्याचा फोन आला. बाहुल्या बघून मित्र वेडे झालेत, त्यांना गाव बघायचंय, शनिवारी येऊन रविवारी धरण बघून परत जाऊ. मी म्हटलं, या की. कोल्हिणीची एक शेपटी पुण्याला जाताना मोडली म्हणून त्यानं ती बाहुली परत पाठवली होती, शेपटी मी चिकटवत होते, म्हणून फोन स्पीकरवर होता आणि बाबा समोर बसले होते.

"ताई, एक करशील का?" तो म्हणाला. "पुढच्या खोलीतले फोटो. बुद्धाचा राहू दे, तो छान दिसतो. शेजारचा तेवढा आत ठेव. दोनच दिवस."

शेजारचा, असं म्हणाला तो. आमच्या घरात ज्या फोटोला हात जोडल्याशिवाय कुणी परीक्षेला गेलं नाही, नोकरीला गेलं नाही, त्याचं त्यानं नावही घेतलं नाही.

मी फोन बंद केला. काहीही काढायचं नाही, मी बाबांना म्हणाले. बाबांनी भिंतीकडे पाहिलं.

"पोरगं चार लोकांत ऱ्हातं. तिथलं आपल्याला काय म्हाईत," ते म्हणाले. मग उठले आणि खुर्ची भिंतीशी ओढली. "पन काढायचं तर दोनी काढायचे. एकटा बुद्ध न्हाई ठेवायचा."

मी धरते म्हटलं तर नको म्हणाले. दोन्ही फोटो त्यांनी स्वतः उतरवले, धुतलेल्या पंच्यात गुंडाळले आणि आपल्या कपाटात ठेवले. भिंतीवर दोन फिकट चौकोन राहिले. शनिवारी सकाळीच ते एसटीनं घोडेगावला आत्याकडे निघून गेले. आत्याची तब्येत बरी नाही असं सांग, म्हणाले. आत्याची तब्येत ठणठणीत होती.

मित्र चौघं आले. वाईट नव्हते. चपला बाहेर काढल्या, माझ्याकडे पाणी सुद्धा मागितलं नाही, स्वतः घेतलं. टेबलावर पट मांडला. त्यांच्यातल्या एका मुलीच्या मनगटावर ध्यानस्थ बुद्ध गोंदलेला होता. तिनं भिक्खू उचलला आणि तो तिच्या हातातून सुटेना. सगळ्यांत हाच सुंदर झालाय, ती म्हणाली, हा रंग कसा सुचला? माझ्या वडिलांनी सांगितला, मी म्हणाले. मग तिनं अगदी सहज विचारलं, "तुम्ही बुद्धिस्ट आहात का?"

मी उत्तर द्यायच्या आत भाऊ म्हणाला, "नाही नाही. बाबांना आपलं असंच आवडतं."

माझ्या हातात पोह्यांचा ट्रे होता. मी तो टेबलावर ठेवला.

"आहोत," मी म्हणाले. "आजोबांपासून."

तिचा चेहरा उजळला. किती छान, म्हणाली, तुम्ही ध्यान करता का रोज? तिला खरोखर काहीही कळलं नव्हतं. पण फासे हातात घेऊन बसलेल्या एका मित्रानं वर पाहिलं. आधी भिंतीवरच्या चौकोनांकडे, मग माझ्या भावाकडे. आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्यावरून कुणाला काही कळत नाही. त्याला आता कळलं.  त्यानं फासे टाकले.

दुपारी मी कोंबडीचा रस्सा आणि बाजरीच्या भाकरी केल्या होत्या. तो मित्र पोट बरं नाही म्हणाला आणि गाडीतून बिस्किटं आणून खाल्ली. खरंच पोट बिघडलं असेल. प्रवासात बिघडतं. पण मला आजतागायत ठरवता आलेलं नाही, आणि माणसाला हे ठरवत बसावं लागतं याचीच मला जास्त चीड येते.

जेवणानंतर भाऊ परसात माझ्यामागे आला. मी भांडी घासत होते.

"एवढं सांगायची काय गरज होती?"

"तिनं विचारलं."

"तुला माहीत नाही ताई. हॉस्टेलला पहिल्या वर्षी कळलं तेव्हा खोलीतला माझा कप वेगळा झाला होता. आता कुठे मी नुसता मी आहे. तेवढंच पाहिजे होतं मला."

कपाचं मला खरंच माहीत नव्हतं. हे कधी बोलला नाहीस, मी म्हणाले. सांगून तू काय करणार होतीस, त्यानं विचारलं.  पण माझा राग उतरला नाही. ज्यांनी कप वेगळा केला ते माझ्यासमोर नव्हते. समोर हा होता.

"बाबांनी स्वतः खुर्चीवर चढून फोटो काढले," मी म्हणाले. "दोन्ही."

तो नळाखाली हात धूत राहिला. हात स्वच्छच होते.

रविवारी सगळे पाहुणे गेले. संध्याकाळच्या एसटीनं बाबा आले, कपाटातून फोटो काढले, पुसले, लावले. पाहुणे नीट जेवले का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

काही दिवसांनी भावानं मोबाईलवर त्यांच्या खेळाचे फोटो टाकले. खाली लोकांनी भरभरून लिहिलं होतं. मी बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. भिक्खू काळा होता. सोनेरी काठाचा, पुस्तिकेतल्यासारखा. त्यानं स्वतःच रंगवला असणार, कारण रंग पातळ केला नव्हता. चुण्या बुजल्या होत्या, आणि पात्र म्हणजे नुसता एक गोळा झाला होता. बाबांना मी ते दाखवलं नाही. त्यांनी एकदा विचारलं, आपला भिक्खू जिंकतो का? मला खेळ कळत नाही, असं सांगून मी उठले.

गेल्या वर्षी त्यानं कुरियरनं दुसरं खोकं पाठवलं, त्याच खेळाचा पुढचा भाग. चिठ्ठी नव्हती. फोनवर त्यानं सुद्धा विषय काढला नाही, मी सुद्धा नाही. बाबा म्हणाले, रंगव गं, पोराचं मन मोडू नको. मी ते कपाटावर ठेवून दिलं. दिवाळीत तो आला, चहा प्यायला, टोमॅटोचे भाव विचारले, धरणात पाणी किती ते विचारलं. निघताना मी खोकं काढून त्याच्या हातात दिलं. सील तसंच होतं. ते बघून तो म्हणाला, वेळ मिळाला नसेल तुला. मी म्हटलं, वेळ होता.

बाबा त्याला नेहमीसारखे गाडीपर्यंत सोडायला गेले. खोकं त्यांनीच उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि वर कांद्याची पिशवी ठेवली. दोघं गाडीपाशी उभे राहून काहीतरी बोलत होते, हसत सुद्धा होते. बाबांनी त्याला माफ केलं, की विषयच सोडून दिला, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. मी केलेलं नाही. मी दारातून आत आले आणि चहाचे कप उचलले.