नक्षी सरकायची तेव्हा

"हाणल्याबिगर कुणी लाइनीवर येत न्हाई," असं ताई म्हणायच्या. तुमच्याही ओळखीत असं म्हणणारं कुणी असेल. बहुतेक जण नुसतं म्हणतात. ताई हाणायच्या.

भोकरदनला माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाला लागून त्यांचं शेड होतं. सुटे भाग मागवून नवरा-बायकोनं कॉम्प्युटरवर चालून लाकूड कोरणारं छोटं सीएनसी मशीन स्वतः जोडलं होतं. चित्र ताई काढायच्या, मशीन तो चालवायचा. विहारांसाठी बुद्धाचे फलक, दारांची नक्षी, नावाच्या पाट्या. काम देखणं.

पण मशीन मधूनच चुकायचं. सकाळी बराबर चालायचं. दुपारी अर्ध्या कामात अवजार बोटभर बाजूला सरकायचं आणि पुढचं सगळं वाकडं. मी वायरी तपासल्या, दुसरा कॉम्प्युटर लावून पाहिला. दोष सापडेना. ताई मशीनला लाथ घालायच्या, फळी आपटून फोडायच्या, मग नवऱ्याकडे वळायच्या. "तुम्हीच हात लावला असंल." मारतानाही अहो-जाहोच. भिंतीपलीकडून मला धपाटे ऐकू यायचे. एकदा मध्ये पडलो, तर पटाशी माझ्याच अंगावर आली.

एका दुपारी सागवानी फलकावर बुद्धाचा चेहरा संपत आला होता. ओठ कोरता कोरता अवजार सरकलं आणि गालात घुसलं. ताईंनी लाकडी मोगरी उचलून फेकली. नवऱ्याच्या कपाळातून रक्ताची धार लागली. मी त्याला दवाखान्यात नेलं. टाके घालताना तो डॉक्टरांना म्हणाला, "घसरून पडलो."

आम्ही दोघं परत आलो तर ताई मशीनपुढं बसलेल्या. मोटार फिरत होती, पण तिला जोडलेला, अवजार पुढं-मागं नेणारा रॉड मध्येच थांबत होता. दोघांना जोडणाऱ्या कपलिंगचा बारका स्क्रू ढिला झाला होता. थंड असताना धरायचा, तापला की सोडायचा.

"हे बघा, हे होतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मला वाटलंच होतं."

"मंग तुम्ही बोलले का न्हाई?"

"तोंड उघडलं की तू अंगावर येत व्हतीस. कधी बोलणार?"

त्याच संध्याकाळी, कपाळाला पट्टी असतानाच, तो बसनं टेंभुर्णीला बहिणीकडे गेला.

ताईंनी स्क्रू आवळला, नवा फलक कोरून दिला. मशीन पुन्हा चुकलं नाही. तरी काही महिन्यांनी त्यांनी ते तीर्थपुरीच्या एकाला विकलं आणि टेंभुर्णीत, नणंदेच्याच गल्लीत, खोली केली. नवऱ्यानं बोलावलं नव्हतं.

मी एकदा भेटायला गेलो. आम्ही दारात बोलत होतो, तेवढ्यात तो समोरून आला. ताईंना पाहून रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं गेला. त्यांनी हाक मारली नाही. तो वळणाआड होईपर्यंत उभ्या राहिल्या, मग मला म्हणाल्या, "जेवून जा."